पराभूतांची जागा : म्हसोबा, बळी, कर्ण

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा नावाचे गाव आहे. पौष पौर्णिमेला तेथे भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी सबंध ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. बैलजोडी घ्यायची तर म्हशाच्या यात्रेत, घोंगडी घ्यायची तर म्हशाच्या यात्रेत, असा या भागातील शेतकऱ्याचा जुना परिपाठ. लोक या यात्रेला म्हसोबाची यात्रा म्हणतात; देवळातील देवाचे नाव मात्र खांबलिंगेश्वर असे सांगितले जाते. एकाच देवाची ही दोन नावे वाङ्मयाच्या अभ्यासकाने कान देऊन ऐकावीत अशी आहेत. एक नाव शिवाशी, म्हणजे पर्यायाने पुराणांशी, नाते सांगणारे आहे. दुसरे नाव बांधावरचे, शेंदूर फासलेल्या दगडाचे, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते महिषासुराचे आहे.

म्हणजे देवीमाहात्म्यात जो मारला गेला, ज्याच्या छातीवर देवीचा पाय आणि त्रिशूळ असलेली शिल्पे आपण लेण्यांपासून कॅलेंडरांपर्यंत पाहतो, तोच महाराष्ट्रात शेताची राखण करीत उभा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील देवस्थाने पायी फिरून पाहिली आणि एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. एका ठिकाणी महिषासुराचा वध करणारी देवी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी त्याच म्हसोबाची लग्नाची बायको असते. पुराणाच्या दृष्टीने याहून मोठा गोंधळ नाही. गावकऱ्याला मात्र त्यात गोंधळ दिसत नाही. नवरात्रात तो देवीपुढे घट बसवतो, आणि पेरणी-कापणीला म्हसोबाला नारळ फोडतो. मारणारी आणि मरणारा, दोघांचाही मान तो राखतो.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, खलनायकाला माणूस म्हणून पाहणारी पुनर्कथने ही आधुनिक आणि तीही पाश्चात्त्य कल्पना आहे, असा समज आपल्या अभ्यासक्रमांतून नकळत रुजतो. पाश्चात्त्य परीकथेपुरते ते बरेचसे खरेही आहे. ग्रिमबंधूंच्या संग्रहात हिमगौरीच्या सावत्र आईला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवले जाते आणि कथा तिथेच संपते. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही दुष्ट स्त्री सावत्र नव्हती, सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आले. आईपण निष्कलंक ठेवायचे म्हणून दुष्टपणा घराबाहेरून आलेल्या बाईवर ढकलला गेला. अशा कथेत पराभूताला मरणोत्तर काहीही मिळत नाही. ना थडगे, ना नाव. म्हणूनच विसाव्या शतकात लेखकांना मागे जाऊन त्यांची बाजू मांडावी लागली. जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सारगॅसो सी' (१९६६) मध्ये माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला तारुण्य आणि बेट परत दिले. जॉन गार्डनर यांनी 'ग्रेंडेल' (१९७१) मध्ये राक्षसालाच निवेदक केले. ग्रेगरी मग्वायर यांची 'विकेड' (१९९५) तर रंगभूमीवरून चित्रपटापर्यंत पोहोचली. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की मुले राजकन्येपेक्षा चेटकिणीचीच वाट पाहू लागली. पण तो अभिनयाचा विजय, संहितेचा निवाडा तिथे बदलत नाही.

मराठी परंपरेत ही गोष्ट फार आधीपासून आणि अगदी वेगळ्या मार्गांनी घडत आली आहे. त्या मार्गांचा इतिहास पाहिला की 'खलनायकाचे मानवीकरण' हा शब्दप्रयोगच थोडा अपुरा वाटू लागतो. कारण प्रश्न त्याच्या मनाचा जितका आहे, त्याहून अधिक त्याच्या जागेचा आहे.

पहिला मार्ग वराचा. पुराणकथेतील असुर मरताना काहीतरी मागतो आणि देव ते देतो. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य आहेत. मणीने मरताना देवाजवळ राहण्याचा वर मागितला. जेजुरीला त्याची मूर्ती आहे आणि त्याला बकऱ्याचा नैवेद्य दाखवला जातो. मल्लाने मागितले की देवाच्या नावाआधी माझे नाव लागावे, म्हणून देव मल्हारी झाला. मल्लाचा शत्रू असा त्या नावाचा अर्थ लावता येतो, पण उच्चारताना आधी मल्लच येतो. त्याचे मस्तक मात्र पायरीशी ठेवले गेले. एकाच कथेत एका भावाला मखर आणि दुसऱ्याला पायरी!

दिवाळीचा आठवडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अश्विन वद्य द्वादशीला शहरांत वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीला शहापूर, मुरबाड आणि घाटापलीकडे जुन्नर-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि वारली वाघबारस पाळतात. वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा, गुराख्यांनी रानात खीर शिजवायची, आणि गुरांना सांभाळ असे वाघालाच विनवायचे. गोष्टीतल्या म्हातारीला खायला निघालेला वाघ आणि हा वाघ, यांत किती अंतर आहे! गाईच्या बाजूने पाहिले तर वाघ हा खलनायकच. पण ज्याच्या रानात आपण गुरे चारतो त्याला आधी विचारले पाहिजे, अशी समज या रिवाजामागे आहे. दोन दिवसांनी नरक चतुर्दशी. कोकणपट्टीत पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा. गोव्यात तर रात्रभर नरकासुराचे अवाढव्य पुतळे मिरवून पहाटे जाळायचे. तरीही कथेप्रमाणे हा दिवस नरकासुराने मरताना मागून घेतलेला आहे. या दिवशी जो अभ्यंगस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये, असा त्याचा वर. आपला खून करणाऱ्यांच्या भल्यासाठी मागितलेला वर! आणि मग येते बळीप्रतिपदा.

वराच्या या युक्तीचा इतिहासाच्या अंगाने विचार केला, तर ती एक तडजोड दिसते. नवी दैवतकथा एखाद्या प्रदेशात येते तेव्हा तिथे आधीच कोणीतरी पुजले जात असते. त्याला पुसून टाकणे शक्य नसते, कारण शेतकरी बांधावरचा दगड हलवू देत नाही. मग कथा त्याला हरवते आणि वर देऊन जागेवर ठेवते. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या अभ्यासात 'समन्वय' हा शब्द वापरला. विठ्ठलावरील त्यांच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. शब्द सुंदर आहे, पण मला तो नेहमी थोडा जास्तच शांत वाटतो. समन्वयाचा कागद कोणाच्या हस्ताक्षरात आहे हेही पाहायला हवे. पुराणातील असुराला वर मिळतो तो मेल्यावर, आणि मारणाऱ्याच्या हातून. त्याचे माणूसपण मान्य होते, पण त्याने हरलेच पाहिजे ही अट कायम राहते.

बळीची कथा ही अट सर्वांत स्पष्टपणे दाखवते. भागवताच्या आठव्या स्कंधातील बळी हा प्रल्हादाचा नातू, दानशूर, वचनाला जागणारा. समोरचा बटू कोण आहे हे शुक्राचार्यांनी सांगितल्यावरही तो शब्द मागे घेत नाही. तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो. त्याचा दुर्गुण म्हणून बोट ठेवता येईल असे कथेत जवळजवळ काही नाही. त्याचा ऐश्वर्याचा गर्व हे कारण पुढे केले जाते, पण तसा गर्व इंद्रालाही आहेच. बळीचा अपराध एवढाच की राज्य त्याचे आहे. पुराणकारालाही हे जाणवले असावे, कारण बळीला सुतलात पाठवून देव स्वतः त्याचा द्वारपाल होतो. केरळात ओणमला महाबली प्रजेला भेटायला येतो, आणि महाराष्ट्रातील बाई प्रतिपदेला ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणते. वामनाचे राज्य येवो असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

या एका वाक्यावर जोतीराव फुले थांबले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे एकामागून एक म्होरके आणि बळी हा इथला न्यायी राजा, अशी मांडणी त्यांनी केली. धोंडीबा भाबडेपणाने प्रश्न विचारतो: कासवापासून माणूस कसा होईल, डुकराच्या पोटी कोण जन्मेल? आणि प्रत्येक प्रश्नासरशी चमत्कार गळून पडत खाली लढाई, पळापळ, जमीन आणि सत्ता शिल्लक राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की, बळीच्या राज्यव्यवस्थेत फुल्यांना म्हसोबा सापडतो. 'महासुभा' म्हणजे मोठ्या सुभ्याचा अधिकारी, शेतसाऱ्याची व्यवस्था पाहणारा आणि अडलेल्याला सूट देणारा. त्याचा अपभ्रंश म्हसोबा. कुणब्याच्या शेताच्या बांधावर त्याचा दगड का असतो याचे उत्तर फुल्यांनी असे दिले. खंडोबालाही त्यांनी बळीच्या राज्यातील खंडांचा अधिकारी ठरवले.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकणे कठीण आहे. 'सुभा' हा शब्दच अरबी-फारसी परंपरेतून मराठीत आला. बळीच्या काळात तो असण्याचा प्रश्न नाही. मराठी विभागातील आपण मंडळी हे सांगून मोकळी होतो, आणि 'गुलामगिरी'ला वैचारिक गद्याच्या पेपरात टाकून कथावाङ्मयाच्या चर्चेतून बाद करतो. माझ्या मते इथेच फसगत होते. फुले कथा पुन्हा सांगत आहेत, आणि पुनर्कथनकार म्हणून त्यांची जाण फार पक्की आहे. बळी क्रूर का झाला असा प्रश्न ते विचारत नाहीत, कारण तो क्रूर होता हेच त्यांना मान्य नाही. त्याचे बालपण, त्याची जखम, त्याचा एकटेपणा यांत त्यांना रस नाही. त्यांचा प्रश्न असा की ही गोष्ट कोणी सांगितली, आणि तिच्या शेवटी जमीन कोणाकडे गेली. खलनायकाबद्दल सहानुभूती मागणे वेगळे आणि ज्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवले तिची सनद तपासणे वेगळे. फुल्यांनी दुसरे काम केले. पुढच्या बहुतेक मराठी ललित लेखकांनी पहिले केले.

फुल्यांचा धागा तुटला नाही, तो कथेबाहेर गेला. शरद जोशींनी शेतकरी आंदोलनाच्या काळात 'बळीचे राज्य येणार आहे' हे वाक्य पुस्तकाच्या नावावर घेतले. आ. ह. साळुंखे यांनी 'बळीवंश' लिहून फुल्यांच्या मांडणीला संस्कृत ग्रंथांतील पुराव्यांची जोड देण्याचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये डॉ. आंबेडकरांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून जे वादळ उठले, त्याने एवढे दाखवून दिले की खलनायकाला कितीही माणूस केले तरी समाज सहन करतो. नायकाला प्रश्न विचारला की रस्त्यावर उतरतो.

आता ललित वाङ्मयाकडे वळू. मराठीत खलपक्षाची बाजू मांडण्याचा मोठा बहर विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत आला. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ चे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' ही दोन्ही १९६७ ची. रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची. या चारांत वाचकांनी उराशी धरली ती 'मृत्युंजय'. शहापूरच्या असो की सोलापूरच्या, मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने आपणहून वाचलेले पहिले मोठे पुस्तक बहुधा तेच असते. सावंतांनी निवेदन वाटून दिले: कर्ण, वृषाली, शोण, कुंती, कृष्ण, आणि दुर्योधनसुद्धा. दुर्योधनाच्या तोंडून 'मी' ऐकणे हा त्या काळच्या वाचकाला धक्काच होता. वर मागण्याची पुराणातील जागा आता स्वगताने घेतली. पराभूत मरताना मागत नाही, जगताना बोलतो.

या बदलात जे मिळाले ते उघड आहे. जे हरवले त्याबद्दल कमी बोलले जाते. 'मृत्युंजय'चा कर्ण सूत म्हणून अपमानित होतो आणि वाचक त्या अपमानाने पेटतो. पण त्याच्या अंगावर कवच आहे, कानांत कुंडले झळाळत आहेत, तो सूर्यपुत्र आहे हे वाचकाला ठाऊक असते. आपली सारी चीड 'हा खरे म्हणजे क्षत्रिय असून याला सूत म्हटले' या गृहीतावर उभी राहते. खरोखरच सूत असलेल्या अधिरथाचा अपमान झाला असता तर इतकेच वाईट वाटले असते काय? शोणाला निवेदन मिळते हे सावंतांच्या बाजूने मान्य केले पाहिजे, पण शोण बोलतो तो मुख्यतः भावाबद्दल. अन्याय झालेला माणूस गुपचूप उच्चकुलीन निघावा, ही जगभरच्या परीकथांची जुनी खोड आहे. सिंड्रेला राखेत बसते तरी मुळात चांगल्या घरचीच असते. बळीला अशा गुप्त जन्मकथेची गरज लागत नाही.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, म्हणजे 'मृत्युंजय'च्या आदल्या वर्षी. सूताला वरणार नाही हे द्रौपदीचे स्वयंवरातील वाक्य त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. प्रक्षिप्त ठरून ते तळटीपेत गेले आहे. मराठी मनातील कर्णाची सबंध शोकांतिका ज्या वाक्यावर उभी आहे ते वाक्य असे निसटते. उलट द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला वेश्या म्हणणे आणि तिची वस्त्रे काढून घ्या असे सांगणे मुख्य संहितेत जसेच्या तसे आहे. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये कर्णाला या भाबड्या भक्तीपासून दूर ठेवले, त्याचे उणेपण मोजून मांडले, आणि म्हणूनच कदाचित त्यांचा कर्ण लोकप्रिय झाला नाही. खलनायकाची बाजू मांडताना त्याने जिचे वाईट केले तिचा आवाज बारीक होत जातो, हा या प्रकारच्या लेखनाचा नेहमीचा धोका. शरद तांदळे यांची 'रावण राजा राक्षसांचा' ही कादंबरी अलीकडे तरुण वाचकांत अफाट वाचली गेली. रावणाची मूर्ती पुजणारे अकोला जिल्ह्यातील सांगोळा गाव आणि मेळघाट-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यातील रावण-मेघनादाबद्दलचा आदर पाहता त्या ओढीला जुनी पार्श्वभूमीही आहे. तरी अशी कादंबरी वाचताना अशोकवनातील सीतेला किती पाने मिळाली, हे मी आधी मोजतो.

सीतेच्या बाबतीत आपल्या बायकांनी वेगळाच निवाडा दिला आहे. जात्यावरच्या ओव्यांत रावणापेक्षा कैकेयी अधिक दुष्ट आहे, कारण ती सासू आहे. लोककथेत कैकेयीच सीतेला रावणाचे चित्र काढायला लावते. सीतेने त्याचा पायाचा अंगठा तेवढा पाहिलेला असतो, तेवढाच ती काढते, बाकीचे चित्र कैकेयी पूर्ण करून रामाला दाखवते आणि सीतेला वनवास घडतो. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत सीतेच्या सासुरवासाचे हे दुःख पुन्हापुन्हा येते, आणि तारा भवाळकरांनी स्त्रियांच्या या रामायणावर सातत्याने लिहिले आहे. ओवी रावणाला माणूस करण्याच्या भानगडीत पडत नाही. ती दुष्टपणा लंकेतून उचलून स्वतःच्या उंबऱ्याच्या आत आणून ठेवते, आणि त्या उंबऱ्यात मुकाट उभ्या असलेल्या रामालाही सोडत नाही. अन्यायाचा अनुभव असलेली निवेदक कथेतील खलनायकाची जागाच बदलते, हे ध्यानात घ्यावे.

'युगान्त'मध्ये आणखी एक लेख आहे, 'मयसभा'. शहापूर-मुरबाडच्या वर्गांत खरे तर तो आधी शिकवायला हवा. कृष्ण आणि अर्जुन अग्नीला तृप्त करण्यासाठी खांडववन जाळतात. बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक प्राण्याला, नागाला बाणांनी परत आत ढकलतात. त्या संहारातून वाचलेल्या मय दानवाकडून पांडव आपली अद्भुत सभा बांधून घेतात. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. रान जाळून वस्ती आणि शेती वसवण्याची ही हकीकत आहे हे त्यांना दिसले, आणि त्या क्रूरतेचे त्यांनी समर्थन केले नाही. राक्षस, नाग, दानव ही नावे काढून टाकली तर उरतात ती रानात राहणारी माणसे. आमच्या भागातील विद्यार्थ्याला 'राक्षस कोण?' असा प्रश्न घातला तर तो पुस्तकातील शिंगे-सुळे सांगतो; 'रान कोणाचे?' असे विचारले की मात्र वर्ग बोलका होतो.

बरे, रानातील माणूस नायकाच्या बाजूने लढला तर? घटोत्कच पांडवांचा मुलगा. कर्णाच्या हातातील अमोघ शक्ती अर्जुनाऐवजी त्याने स्वतःवर घेतली. द्रोणपर्वात पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचतो. कारण विचारल्यावर शक्ती वाया गेली हे तर तो सांगतोच, शिवाय हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, आज मेला नसता तर पुढे मलाच मारावा लागला असता, असेही सांगतो. माझ्या वाचनात महाभारतातील इतका थंड क्षण दुसरा नाही. घटोत्कचाला ना वर मिळाला, ना मराठी कादंबरीत त्याच्या वाट्याला कर्णासारखे निवेदन आले.

हा संदर्भ मनात ठेवून कातकऱ्यांची एक कथा वाचावी. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील ठाणे जिल्ह्याच्या भागात नोंद आहे की, रामाने रावणावर स्वारी करताना जी वानरसेना बरोबर नेली तिचे आपण वंशज आहोत असे कातकरी सांगतात. वाचताना पहिली प्रतिक्रिया संकोचाची होते. स्वतःला माकडाचे वंशज म्हणवून घेणारी ही जमात वरून लादलेली कथा पाठ म्हणते आहे, असे वाटते. फुल्यांचा वाचक तर इथे अडखळेलच, कारण रानातील माणसे बळीच्या किंवा रावणाच्या बाजूची असावीत अशी त्याची अपेक्षा असते. पण कथा सांगणाऱ्याने कोणती बाजू घ्यावी हे आपण बाहेरून ठरवू नये. कातकऱ्याने स्वतःसाठी निवडलेली जागा विजयी पक्षातील आहे. जिंकून दिलेल्या युद्धाचे येणे अजून बाकी आहे, असा हक्क तीत आहे.

तो हक्क वाल्मीकींनी लिहूनही ठेवला आहे. युद्धकांडाच्या शेवटी इंद्र रामाला वर माग म्हणतो, तेव्हा राम स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्यासाठी मेलेले वानर जिवंत व्हावेत असे तो मागतो, आणि पुढे म्हणतो की हे वानर जिथे राहतील तिथे अवकाळीसुद्धा फळे-मुळे-फुले मिळावीत आणि नद्या निर्मळ पाण्याने वाहत राहाव्यात. इंद्र तथास्तु म्हणतो.

काथ करणारे ते काथोडी, कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर खैर तोडणे हा गुन्हा ठरत गेला आणि जमातीच्या नावातील धंदा तिच्या हातून सुटला. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यात तानसाचे धरण पुरे झाले. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाला, आणि हे पाणी नळांतून मुंबईला गेले. याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर येतो. दिवाळी आटोपली, प्रतिपदेची ओवाळणी झाली, की कातकऱ्यांची बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. त्यांच्या वानरकथेची गॅझेटियरमधील नोंद जेमतेम एका वाक्याची आहे. त्या वाक्याच्या पुढे सांगणारा काय म्हणाला असेल, हे टिपून घेण्यासाठी आपल्यापैकी कोणी अजून पाड्यावर बसलेले नाही. पौष पौर्णिमेला भट्ट्यांवरून सुट्टी घेऊन त्यांतले बरेच जण म्हशाच्या यात्रेला येतात.